मुठीतली घुंगरं

मोहबारी, ता. तळोदे
८ नोव्हेंबर १९३६

मगन,

मोठ्या बहिणीचे आशीर्वाद. तुझा पत्ता शेजारच्या दगूबाईच्या भाच्याने आणून दिला. भुसावळला रेल्वेच्या चाळीत तो तुझ्या मागच्याच ओळीत राहतो म्हणे. माय गेली त्या साली तू घर सोडलंस, त्यानंतर मला पत्तासुद्धा कळवला नाहीस, त्याचं भांडण नंतर करू. सध्या भांडायलाही अंगात त्राण नाही.

आबा विसरायला लागला आहे. आधी मला वाटलं, म्हातारपण आहे, चालायचंच. विहिरीवर जायचा आणि बादली तिथेच सोडून हात हलवत परत यायचा. मी हसायचे. मग एकदा जेवायला वाढलं तर माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, “तू कोन्ही पोर शे, बाई?” त्यानंतर हसू आलं नाही. माय गेल्यावर विधवा होऊन बापाच्या घरी परत आले तेव्हापासून त्याचं सगळं मीच करते आहे, आणि मलाच विचारतो, कोणाची पोर.

बाकी सगळं विसरला, डाक मात्र विसरला नाही. तुमच्याकडे टपाल आगगाडीने येत असेल, इथे अजून तीच तऱ्हा आहे. वाहरू तळोद्याहून थैली आणतो, दोधू मास्तर शाळेच्या पडवीतच पोस्ट सांभाळतात, आणि तिथून आमशा पावरा ती घाटातल्या चौकीपर्यंत नेतो, पुढे धडगावकडे दुसरे हलकारे. म्हणजे आबा नोकरीत थैली घेऊन धावायचा तोच टप्पा आणि तसाच घुंगरांचा भाला. आमशा सकाळी आपल्या दारावरून वर जातो, दुपारी खाली येतो. घुंगरं वाजली की आबा असेल तिथून उठतो आणि त्याच्या मागे रस्त्याला लागतो. पायात काही नाही, डोक्याला काही नाही. त्याला वाटतं, त्याची डाक चुकली.

मी एकटी कुठे कुठे पुरणार? पण या डाकवाल्यांनी मला सांभाळून घेतलं, खोटं कशाला बोलू. आमशाला थांबता येत नाही, पण परतताना आबा जिथे भेटेल तिथे तो म्हणतो, “आबा, खालनी डाक शे, चाल,” की आबा मुकाट मागे वळतो. आमशाला फार घाई असली तर समोरून येणाऱ्या गाडीवाल्याच्या नाहीतर गवतवालीच्या हातात आबाचा हात देतो. डाकेची थैली कधी रस्त्यात एकटी ठेवायची नाही, हातातून हातात द्यायची, तोच कायदा त्यांनी आबाला लावला आहे. गाडीवाला आबाला शाळेच्या पडवीत आणून सोडतो आणि मास्तर आतून ओरडतात, “आबाची पोच मिळाली!” पोरं हसतात, आबाही हसतो. मग वाहरू किंवा कोणीतरी त्याला घरी आणतो.

पण हे लोक नोकरीवरची माणसं आहेत. त्यांनी किती दिवस करायचं? तू ये. थोडे दिवस ये.

जसोदा


२९ नोव्हेंबर १९३६

मगन,

तुझं कार्ड मिळालं. “घरात कोंडून ठेव, बाहेरून कडी घाल.” एवढ्या वर्षांनी लिहिलंस ते एवढंच. कडी घालायला भुसावळचा सल्ला लागत नाही रे, कडी माझ्याही दाराला आहे.

कोंडलं नाही. दुसरी युक्ती केली. आबाच्या जुन्या भाल्याची घुंगरं मायच्या पेटीत होती, चिंधीत बांधलेली. ती चिंचेने घासली आणि त्याच्या हातातल्या काठीला बांधली. आता मी चुलीपाशी असले तरी कळतं, आबा ओट्यावर आहे, आबा गोठ्यात आहे, आबा फाटकाशी गेला. गेल्या आठ-दहा दिवसांत पहिल्यांदा मी सलग भाकरी थापल्या. आबाही काठी घेऊन ऐटीत चालतो. दगूबाई म्हणाली, “नवरदेवले घोडं भेटनं!”

परवा तो ओट्यावरून आला आणि घुंगरं वाजली, तर मला एकदम वाटलं माय तांब्या घेऊन उंबऱ्यात येईल. तुला आठवत असेलच. घुंगरं ऐकली की हातातलं टाकून उठायची. आबा थांबायचा नाही, चालता चालता दोन घोट घ्यायचा आणि तांब्या पुढच्या चिंचेखाली ठेवून जायचा. मग ही त्याच्या नावाने बोटं मोडत तांब्या आणायला जायची. रोज तेच, वर्षानुवर्षं.

आज बरं आहे, म्हणून लिहिलं. तू नाही आलास तरी निभेल असं वाटतं.

जसोदा


१३ डिसेंबर १९३६

मगन,

निभलं नाही. मागच्या पत्रात मी मोठी शहाणी झाले होते. त्याच शहाणपणाने आबाला जवळजवळ घालवलं होतं.

बाजाराचा दिवस होता. रस्ता माणसांनी भरलेला. मी दळण घेऊन आले तर ओट्यावर आबा नाही, काठी नाही. मला वाटलं, इतकी माणसं आहेत, कोणीतरी धरून आणेल, आत्तापर्यंत तसंच होत आलं आहे. थोडा वेळ वाट बघितली. मग धावत सुटले.

ज्याला त्याला विचारलं, माझा म्हातारा पाहिला का? गाडीवाला म्हणाला, “बुढा नही देखा बाई. डाक गई ना आते, तिले रस्ता दिन्हा आम्ही.” मडकी घेऊन बसलेल्या बायका म्हणाल्या, “आठेथीन फक्त डाक गई.” पुढे जंगलाच्या नाक्यावर गेले. तो नवा शिपाई, आबाला ओळखत नाही. म्हणाला, “म्हातारा कोणी गेला नाही. डाक आली, मी आडवा बांबू उचलला, ती गेली वर.” आणि वर सांगतो, डाक आज फारच हळू चालली होती.

 लक्षात आलं, मगन? कोणी त्याला अडवलंच नाही. घुंगरं वाजली की आपल्याकडे कोण मान वर करून बघतो? बैल बाजूला घेतात, पोरं ओढून घेतात. डाक अडवली तर शिक्षा आहे, हे दूध पिणाऱ्या पोरालाही ठाऊक. तीच घुंगरं मी माझ्या हाताने त्याच्या काठीला बांधली होती. नुसती काठी असती तर पहिल्याच गाडीवाल्याने हाताला धरून परत आणला असता.

आमशा दुपारी वरून थैली घेऊन येत होता. नाक्याच्या वरच्या वळणावर त्याला घुंगरं ऐकू आली. तो म्हणतो, आधी भ्यालोच. त्या वेळी या टप्प्यावर त्याच्याशिवाय दुसरी डाक असूच शकत नाही. आणि आवाज रस्त्यावरून येत नव्हता, खालच्या ओढ्यातून येत होता. रस्ता होण्याआधीची डाकेची पायवाट तिथून जायची. आता तिथे जनावरंसुद्धा जात नाहीत. आबा त्या वाटेने गेला होता.

आमशा थैली घेऊन ओढ्यात उतरला. आबा दगडावर बसला होता, पाय मुरगळून सुजलेला, काठी हातात, ती हलवत होता. आमशाने थैली खाली ठेवली आणि त्याला उचलायला गेला, तर आबा खेकसला, “डाक खाले ठेवी? आधी ती उठाड! लाज शे का?” पाय टेकववत नाही आणि हा आमशाला कायदा शिकवतोय. आमशाने थैली उचलली तेव्हा कुठे अंगाला हात लावू दिला. शेवटी आमशाने आबाला पाठीवर घेतलं आणि आबाने थैली आपल्या खांद्याला लावली. असे ते दोघे खाली आले. मी नाक्यावरच होते. मला बघून आबा म्हणाला, “बाजूले व्हय बाई, डाक शे.”

डाकेला उशीर झाला. वाहरू शाळेपाशी ताटकळला होता, तो धावतच सुटला, तरी तळोद्याहून पुढे जायचं त्या दिवशीचं टपाल हुकलं. दोधू मास्तरांना उशिराचं कारण वर कळवावं लागलं. ते माझ्याकडे आले, टोपी काढून बसले, म्हणाले, “जसोदाबाई, खोटं लिहिता येत नाही हो.” मी म्हटलं, खोटं लिहू नका. पण आमशाच्या पोटाची मला काळजी लागली आहे.

घुंगरं काठीची सोडली. पुन्हा पेटीत टाकली.

जसोदा


१७ जानेवारी १९३७

मगन,

संक्रांतीचे तिळगूळ पाठवले नाहीत, केलेच नाहीत.

डाकखात्याचे साहेब येऊन गेले. घोड्यावरून आले, शाळेच्या पडवीत बसले. माणूस वाईट नव्हता, कोणावर ओरडला नाही. आमशाला म्हणाले, एक वेळ सोडतो. म्हातारा पुन्हा डाकेच्या रस्त्यावर दिसला आणि त्याच्यापायी डाक थांबली, तर हा भाला दुसऱ्याच्या हातात जाईल. मला म्हणाले, घर सांभाळा. मी काय म्हणणार? आमशाच्या घरी चार तोंडं आहेत आणि डोंगरातली जमीन म्हणजे दगडच.

म्हणून अखेर तुझाच सल्ला ऐकला. आबाला मधल्या खोलीत कोंडते, सकाळी डाक वर जाते तेव्हा आणि दुपारी खाली येते तेव्हा. बाकीचा वेळ तो गरीब गायीसारखा असतो. पण घुंगरं लांबून, मोहाच्या झाडापाशी वाजली की त्याच्या अंगात येतं. दारावर धडका मारतो. “सोडा, मन्ही डाक गई,” म्हणून रडतो. रडतो रे मगन, आपला आबा! कपाळाला टेंगूळ आलं आहे. काल आत जाऊन धरायला गेले तर माझ्या मनगटाला चावला. नंतर तेच मनगट हातात घेऊन विचारतो, “कोणी चावा लिन्हा तुले?”

रात्री उशाला पाणी घेऊन मी नुसती पडते. झोप येत नाही, थकवा मात्र येतो. सकाळ झाली की पहिला विचार हाच येतो, आता घुंगरं वाजणार. खरं सांगू का, एखाद्या सकाळी मला वाटतं, आज आबा उठूच नये. लिहिलं. तुला काय वाटायचं ते वाटो.

मी तुझ्याकडे दुसरं काही मागत नाही. डाक जाते तेवढा वेळ त्याला मिठी मारून बसायला एक पुरुष माणूस पाहिजे. एक महिना ये. मी एक महिना झोपते.

तुझं मागचं पत्र मी वाचून चुलीत घातलं, पण पाठ आहे. “माय मरत होती. मी दारात उभा होतो. ती सारखी कान देऊन होती, डाक आली का म्हणून विचारत होती. आणि तो घुंगरं मुठीत धरून, आवाज होऊ न देता, चोरासारखा दारावरून निघून गेला. तिला कळू नये म्हणून. संध्याकाळी परत आला तेव्हा ती गेली होती. त्या माणसासाठी मी पाऊल उचलणार नाही.” तू पाहिलंस, मी पाहिलं नाही. मी तेव्हा सासरी होते, मला तिसऱ्या दिवशी कळलं. आबाला मी पुढे एकदा विचारलं होतं. तो उठून बैलांना पाणी दाखवायला गेला. त्यामुळे तू म्हणतोस ते खोटं, असं मला म्हणता येत नाही.

पण ज्याच्यावर तू रागावला आहेस तो माणूस आता घरात नाही. इथे आहे तो वेगळाच कोणी आहे, त्याला आंघोळ घालावी लागते. त्याच्यासाठी नको, माझ्यासाठी ये.

जसोदा


७ मार्च १९३७

मगन,

उत्तर आलं नाही. येणार नाही हे धरूनच चालले होते. तरी हे पत्र लिहायलाच हवं, आणि तू ते शेवटपर्यंत वाच.

साहेब येऊन गेल्यावर काही दिवसांनी आमशा थैलीशिवाय दारात आला. आबाच्या कपाळाकडे बघत उभा राहिला. मग विचारलं, “बाई, हाऊ घुंगरं ऐकीसनच चवताळस ना? माले देखीसन नही?” मी म्हटलं, कोंडलेल्याला तू कसा दिसणार, आवाजानेच होतं सगळं. मान हलवून गेला. दुसऱ्या दिवशी मी वेळेवर आबाला आत घातलं, कडी लावली, दाराला पाठ लावून बसले. काही वाजेना. मला वाटलं, आमशा आजारी पडला. फटीतून बाहेर बघितलं, तर आमशा दारावरूनच चालला होता. भाला आडवा, घुंगरांवर मूठ घट्ट आवळलेली, टाचा न टेकवता. चिंच ओलांडून गेला आणि मग सोडली मूठ. तोवर आवाज लांबचा झाला होता. आतमध्ये आबा गोधडीच्या दशा मोजत बसला होता.

तेव्हापासून रोज तसंच. मोहाच्या झाडापासून चिंचेपर्यंत डाक मुकी जाते. हलकाऱ्याने घुंगरं दाबायची नसतात, जनावराला आणि माणसाला ती ऐकू गेलीच पाहिजेत, हे आमशाला कळतं. कोणी वर कळवलं तर पुन्हा भाल्यावरच येईल. दोधू मास्तरांना विचारलं तर म्हणाले, “त्या वेळी मी पाढे घेतो, मला काही ऐकू येत नाही.” आणि गावाने तर तोंड शिवलं आहे. होळीला आमशा आठ दिवस पाड्यावर जाईल, त्याच्या जागी सुकराम येणार. त्यालाही त्याने शिकवून ठेवलं आहे. कडी काढली. आबाचं टेंगूळ बसलं. मी झोपते आता थोडी.

आता परवाचं. दुपारी मी ओट्यावर मोहाची फुलं पसरत होते, आबा खांबाला टेकून बसला होता. माझं वेळेकडे लक्ष राहिलं नाही. बघते तर आमशा अगदी समोर. आबाला आत न्यायला सवड नव्हती. आबाने मान वर केली, त्याला बघितलं. म्हटलं आता उठतो आणि मागे लागतो, आता आमशाचा भाला गेला.

आबा उठला नाही. त्याची नजर आमशाच्या मुठीवर होती. त्याने तोंडावर बोट ठेवलं आणि अगदी हळू, कुजबुजत म्हणाला,

“शाबास रे. वाजाडू नको. ती उठी जाई.”

आमशा तसाच निघून गेला. मी विचारलं, “कोन उठी जाई, आबा?”

“मगननी माय. आंगमा जोर नही तिन्हा, पन घुंगरं ऐकी का तांब्या लिसन उठस. काल उंबरठामा पडी गई.” आणि माझ्याकडे असं बघितलं, की एवढंही कळत नाही का तुला.

मी फुलं तशीच टाकून दगूबाईकडे गेले. मायच्या शेवटच्या दुखण्यात तीच उशाशी होती. ती सुपातून डोळा वर न काढता म्हणाली, “हा. आदल्या दिवशी पडनी व्हती. मीच उचली. मीच तुन्हा बापले सांगं, घुंगरं ऐकी का ती ऱ्हास नही, उठस, अशीच एखांदी येळ जीव जाई तिन्हा.” मी ओरडलेच तिच्यावर. इतकी वर्षं का नाही सांगितलंस? तर म्हणते, “मले कोणी इचारं का?”

कोणी विचारलं नाही. तू दारात उभा होतास आणि तुला मूठ दिसली. तुझा काय दोष? मलाही तेच वाटलं असतं. आबाने सांगितलं नाही, का ते आता त्याला विचारून उपयोग नाही.

मी त्याची वकिली करत नाही, मगन. त्याने थैली ओट्यावर टाकून आत यायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. आमशा थैली घेऊन ओढ्यात उतरला, तसं त्यालाही करता आलं असतं. ती वाट बघत गेली, हे काही बदलत नाही. पण तो चोरून गेला नव्हता. तो आपल्या सगळ्यांना विसरला, स्वतःलाही विसरला, पण ती पडेल हे विसरला नाही. परवा मी फार रडले. आबाने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, तुझं गाव कोणतं.

यायचं तर ये. नाही आलास तर पुन्हा लिहिणार नाही, थकले. येशील तर तळोद्याहून वाहरूच्या सोबतीने ये, रस्ता नवा झाला आहे, तुला ओळखू यायचा नाही. आणि एक लक्षात ठेव. मोहाचं झाड आलं की हळू चाल, आणि दारातून मला मोठ्याने हाक मारू नकोस. आबा म्हणतो, तिचा आत्ताच डोळा लागला आहे.

तुझी
जसोदा